सायकलचा रस्ता चौकात संपू नये : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, नगरविकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : शहरांतील रस्त्यांवर व पदपथांवर सलग आणि सुरक्षित सायकल मार्ग मिळण्याबाबत.

मा. महोदय,

सविनय नमस्कार.

मी पुण्यात राहते, एका महाविद्यालयात शिकवते आणि गेली सव्वीस वर्षे घर ते महाविद्यालय हे सात किलोमीटरचे अंतर सायकलनेच जाते-येते. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, तेव्हा मीही रस्त्याच्या कडेला उभी राहून खेळाडूंसाठी टाळ्या वाजवल्या. ४३७ किलोमीटरच्या त्या शर्यतीसाठी शहरातले आणि जिल्ह्यातले कितीतरी रस्ते नव्याने डांबरले गेले. शासनाने मनावर घेतले तर सायकलसाठी चांगला रस्ता होऊ शकतो, तोही ठरलेल्या तारखेच्या आत, हे त्या निमित्ताने सर्वांनी पाहिले. त्याच शहरात रोज पोटापाण्यासाठी सायकल चालवणाऱ्या माणसाला घरापासून कामापर्यंत सुरक्षित पोहोचवणारी एकही अखंड वाट का मिळत नाही, हे मी माझ्या अनुभवातून आपल्यापुढे मांडू इच्छिते.

सायकलचा विषय निघाला की हेल्मेट घालून, पहाटे टेकडीकडे निघालेल्या हौशी सायकलपटूंचे चित्र डोळ्यांसमोर येते. मला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते वेगळे आहेत. आमच्या सोसायटीत रात्रपाळी करणारे सुरक्षारक्षक रोज सायकलने नऊ किलोमीटर येतात. संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे रस्ता सर्वांत जास्त भरलेला असतो त्या वेळी ते निघतात आणि सकाळी शाळेच्या बसगाड्यांच्या गर्दीतून परत जातात. वृत्तपत्र टाकणारी मुले, दूधवाले, बांधकामावरचे सुतार आणि रंगारी, घरकामाला येणाऱ्या काही बाया, शिकवणीला जाणारी शाळकरी मुले हे सारे सायकलवर असतात. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कशाने जातात हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा शेतीबाहेरच्या कामांसाठी जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जातात असे दिसून आले. ही माणसे सभेला येत नाहीत, हरकती-सूचना नोंदवत नाहीत आणि समाजमाध्यमांवर छायाचित्रे टाकत नाहीत, त्यामुळे आराखडे करताना ती कोणाच्याच हिशेबात येत नाहीत.

या रक्षकांना मी एकदा विचारले की, दादा, तुम्ही रोज शेवटचा टप्पा उलट्या दिशेने का येता, फार धोक्याचे आहे ते. त्यांनी शांतपणे सांगितले की दुभाजक सलग आहे आणि वळायला जागा थेट उड्डाणपुलाच्या पलीकडे आहे. नियमाने यायचे तर एक किलोमीटर पुढे जाऊन, पुलाखालच्या कोंडीतून वळून, पुन्हा एक किलोमीटर मागे यावे लागते. मोटारीला त्या दोन किलोमीटरांनी काही फरक पडत नाही, पण नऊ किलोमीटर पायाने पॅडल मारत रात्रपाळीला येणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला तो पडतो. सायकलवाले नियम पाळत नाहीत अशी तक्रार वारंवार ऐकू येते आणि काही वेळा ती खरीही असते. पण त्या नियमभंगामागे बहुतेक वेळा रस्त्याची अशी रचना असते, जिचा विचार करताना सायकल कोणाच्या मनातच आलेली नव्हती.

सायकल मार्ग बांधलेच गेले नाहीत असे माझे म्हणणे नाही. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज ते हडपसर हा बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, पथदर्शी मार्ग सुरू झाला, त्यासोबत कडेने सायकल मार्गही आखले गेले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे कल्पिले होते. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली रस्तोरस्ती दिसू लागल्या आणि थोड्याच काळात दिसेनाशाही झाल्या. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास सायकल मार्ग झाला आणि २०२५ मध्ये तो काढून मोटारींसाठी रस्ता रुंद करण्याचे ठरले. पवई तलावाच्या काठचा सायकल मार्ग मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवून काढायला लावला, आणि माझ्यासारख्या सायकलस्वाराला तो निर्णय योग्यच वाटला, कारण तलावाच्या पाण्यात भराव टाकून केलेला तो मार्ग कोणाच्याही रोजच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर नव्हता. या सर्व ठिकाणी पैसा खर्च झाला, उद्घाटने झाली, आणि वापर झाला नाही म्हणून पुढे सायकलच नको असा निष्कर्ष निघाला. वापर का झाला नाही हे मात्र कोणी बारकाईने तपासले नाही.

ते तपासायचे तर मार्गावर सायकल घालूनच पाहावे लागते. आपल्याकडचा सायकल मार्ग सहसा पदपथाचाच एक पट्टा वेगळ्या रंगाचे पेव्हर ब्लॉक बसवून केलेला असतो. रस्ता तसाच राहतो, मोटारींच्या मार्गिका तशाच राहतात, कडेचे पार्किंग तसेच राहते आणि जी काही जागा द्यायची ती पादचाऱ्याच्या वाट्यातून काढली जाते. मग दर वीस-पंचवीस मीटरवर एखाद्या सोसायटीचे किंवा दुकानाच्या वाहनतळाचे फाटक येते, तिथे गाडीला सोयीचे व्हावे म्हणून पदपथ खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. सायकल त्या मार्गावर लाटांवरच्या होडीसारखी वरखाली होत जाते. मध्येच विजेची डीपी येते, झाडाचा बुंधा येतो, जाहिरातीचा खांब येतो, बसथांबा तर अख्खा मार्ग अडवूनच उभा असतो. उरलेल्या जागेत कोणीतरी घराच्या दुरुस्तीचा राडारोडा आणून टाकलेला असतो आणि तो आठवडेच्या आठवडे तिथेच पडून राहतो. अशा मार्गावरून जाणे खालच्या रस्त्यावरून जाण्यापेक्षा कष्टाचे आणि सावकाशीचे असते, म्हणून सायकलस्वार तो सोडून मोटारींमध्ये उतरतो. दुचाकीस्वार मात्र कोंडी झाली की त्याच मार्गावर बिनदिक्कत चढतात.

दुचाकी रोखण्यासाठी मार्गाच्या तोंडाशी बोलार्ड, म्हणजे आखूड खांब, रोवले जातात. यातली अडचण साध्या मोजपट्टीने कळते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीला जाता यावे यासाठी दोन खांबांमध्ये सुमारे नव्वद सेंटिमीटर अंतर लागते, आणि तेवढ्या अंतरातून स्कूटर सहज जाते. अंतर कमी केले तर स्कूटर अडते, पण चाकाची खुर्चीही अडते आणि सामानाच्या पिशव्या लावलेली सायकलही अडते. बोलार्ड चारचाकीला रोखतात, त्याहून अधिक अपेक्षा त्यांच्याकडून करू नये. दुचाकीला रोखण्याचे काम वाहतूक पोलिसांचे आहे आणि ते त्यांनी नियमित कारवाई करूनच करायला हवे.

पदपथावरच्या सायकल मार्गाबद्दल माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका अरुंद पट्ट्यावरून जाताना समोर एक वृद्ध बाई चालत होत्या. मी हलकेच घंटी वाजवली. त्या दचकल्या, नेमक्या माझ्याच बाजूला वळल्या आणि तोल जाऊन कठड्याला धडकल्या. लागले नाही, पण हातातली औषधांची पिशवी सुटली आणि गोळ्यांची पाकिटे फरशीवर विखुरली. मी ती गोळा करून देत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळा, रस्त्यावर गाड्यांची भीती म्हणून इथून चालते गं." त्या बोलल्या त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य मला आजही टोचते. मोटारींच्या धाकाने मी वर चढले होते आणि त्याच धाकाने त्याही तिथे होत्या. ज्यांना सर्वांत कमी जागा आहे अशा दोघींना आम्ही एकमेकींच्या अंगावर घातले आहे. देशातील रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर जागा अडथळ्याविना मोकळी असली पाहिजे. एवढी जागा शिल्लक राहत नसेल तिथे पदपथातून सायकल मार्ग कापणे ही पादचाऱ्यावर अन्याय करणारी गोष्ट आहे आणि सायकलस्वार म्हणून मला तो मार्ग नको आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत जे १,६८,४९१ लोक गेले, त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि सुमारे तीन टक्के सायकलस्वार होते. या दोघांच्या जागेचा प्रश्न एकमेकांच्या वाट्यातून सुटणार नाही. ती जागा मोटारींच्या मार्गिकांतून आणि रस्त्याकडेच्या फुकट पार्किंगमधून घ्यावी लागेल.

आता चौकाकडे येते, कारण माझ्या मते सर्वांत मोठी उणीव तिथे आहे. आपला सायकल मार्ग दोन चौकांच्या मधल्या, मुळातच कमी धोक्याच्या भागात असतो आणि चौकाच्या तीस-चाळीस मीटर अलीकडे, जिथे त्याची खरी गरज सुरू होते, तिथे तो संपतो. रंगीत फरशी संपते, उतार येतो आणि सायकलस्वार डावीकडे वळणाऱ्या गाड्यांच्या थेट पुढ्यात उतरतो. डावे वळण सिग्नलविना खुले ठेवण्याची पद्धत मोटारचालकांना सोयीची असेल, पण सरळ जाणाऱ्या सायकलला तो भाग दोन-तीन जीवघेण्या सेकंदांचा असतो, कारण वेग कमी न करता वळणारा चालक उजवीकडून येणाऱ्या गाड्या पाहत असतो आणि त्याच्या डाव्या अंगाची सायकल त्याला दिसत नाही. मी स्वतः एका चौकात अशा ठिकाणी पडले आहे. गाडीने मला स्पर्शही केला नव्हता. मी तिला वाट द्यायला कडेला झाले आणि पावसाळी गटाराच्या जाळीत पुढचे चाक अडकले. जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने लांबट बसवल्या होत्या आणि दोन पट्ट्यांमधली फट टायरच्या रुंदीपेक्षा जास्त होती. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर होते. त्याच पट्ट्या आडव्या बसवल्या असत्या तर पाणी तेवढेच गेले असते आणि चाक अडकले नसते. खर्च एका रुपयानेही वाढला नसता. जाळी बसवणाऱ्याच्या मनात सायकल एकदा जरी आली असती, तरी एवढे पुरेसे होते.

या बाबतीत आपल्याकडे ज्ञानाचा तुटवडा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल मार्गांविषयीची पहिली संहिता १९६२ साली काढली आणि २०१५ मध्ये ती सुधारली. त्या १९६२ च्या संहितेत एक विलक्षण तरतूद आहे. रस्त्यावर तासाला दोनशेहून अधिक मोटार वाहने जात असतील, तर सायकली तासाला केवळ शंभर असल्या तरी स्वतंत्र सायकल मार्ग समर्थनीय ठरतो, असे त्यात म्हटले आहे. तासाला दोनशे वाहने ही गोष्ट आज पुण्या-मुंबईत हास्यास्पद वाटावी इतकी लहान आहे, कारण एखाद्या मोठ्या रस्त्यावर एका हिरव्या सिग्नलमध्ये तेवढी वाहने निघून जातात. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांच्या मोजपट्टीनेही आपला प्रत्येक मुख्य रस्ता सायकलसाठी संरक्षण मागतो.

सायकलस्वार आहेतच कुठे, असा प्रश्न आपले अधिकारी विचारतात आणि तो प्रामाणिकपणे विचारला जातो असे मी मानते. पोहून नदी पार करणारे किती आहेत हे मोजून पुलाची गरज ठरवता येत नाही. स्पेनमधील सेव्हिल या शहरात २००७ च्या सुमारास मुख्यतः पार्किंगची आणि मोटारींची जागा घेऊन सुमारे ८० किलोमीटरचे, एकमेकांना जोडलेले आणि वाहनांपासून वेगळे केलेले मार्ग अल्पावधीत बांधले गेले. तोवर तिथे सायकल जवळपास कोणी चालवत नव्हते, नंतर काही वर्षांतच सायकलींची संख्या कित्येक पटींनी वाढली. आपल्याकडे याच्या उलट होते. इथे चारशे मीटर, तिथे सहाशे मीटर असे तुकडे, निधी ज्या प्रभागात उपलब्ध झाला तिथे टाकले जातात आणि नंतर त्यांची किलोमीटरमध्ये बेरीज करून अहवालात लिहिली जाते. पाण्याच्या वाहिनीचे तुकडे कोणी असे मोजणार नाही, कारण जोडलेली नसलेली वाहिनी एकाही घराला पाणी देत नाही हे सर्वांना कळते.

सर्वच रस्त्यांवर वेगळा मार्ग लागतो असेही नाही. पुण्याच्या पेठांत, नाशिकच्या जुन्या भागात, कोल्हापूरच्या गल्ल्यांत रस्ते मुळातच अरुंद आहेत आणि तिथे वेगळा पट्टा आखण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ आहे. तिथे मोटारींचा वेग ताशी वीस-पंचवीस किलोमीटरवर आणला आणि गल्लीतून आरपार निघून जाण्याची वाट फक्त सायकलला व पादचाऱ्याला खुली ठेवली, तरी काम भागते. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सायकलविषयक स्पर्धेत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड ही आपली दोन शहरे देशातल्या अकरा विजेत्यांत होती, तेव्हा रंग, शंकू आणि कुंड्या वापरून तात्पुरते मार्ग कसे आखता येतात हे त्यांच्या अभियंत्यांनी करून पाहिले आहे. तो अनुभव राज्यातल्या इतर महापालिकांपर्यंत पोहोचवण्याचे काम आपला विभाग सहज करू शकतो.

कायद्याची बाजूही आता स्पष्ट झाली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८(१अ) आले आणि यंत्राशिवाय चालणारी वाहने व पादचारी यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. त्याच दुरुस्तीतील कलम १९८अ नुसार रस्त्याच्या रचनेत, बांधणीत वा देखभालीत मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगे पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील, म्हणजे जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये १३८(१अ) खालील नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश राज्यांना दिले. हे नियम परिवहन विभागाच्या कक्षेत येतात याची मला जाणीव आहे. तरी ज्या रस्त्यांवर ते लागू व्हायचे त्यांतले बहुतांश रस्ते आपल्या अखत्यारीतील नगरपालिकांचे आणि महापालिकांचे आहेत, म्हणून त्या नियमांत सायकलस्वाराला पादचाऱ्याच्या शेपटासारखे न जोडता स्वतंत्र स्थान मिळावे यासाठी आपण आग्रह धरावा.

एक गोष्ट शहराबाहेरची आहे, पण ती राहून जाऊ नये. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. ही योजना मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे कितीतरी मुलींची शाळा सुटायची राहिली आहे. मात्र ज्या रस्त्यांवरून या मुली जातात ते आता काँक्रीटचे आणि वेगवान झाले आहेत, आणि काँक्रीटची कड व मातीची साइडपट्टी यांच्यात बऱ्याच ठिकाणी टीचभर खोल पायरी राहिली आहे. मागून ट्रकचा हॉर्न आला की मुलगी खाली उतरायला जाते आणि त्या पायरीवरून सायकल घसरते. सायकल शासनाने दिली आहे, तर साइडपट्टी भरून देण्याचे कामही शासनाचेच आहे. हे काम सार्वजनिक बांधकाम विभागाचे असले तरी नगरपंचायतींच्या हद्दीतले रस्ते आपल्याकडे येतात, तिथून सुरुवात करता येईल.

माझी आपल्याकडे पहिली विनंती अशी की, ज्या रस्त्याच्या आराखड्यात चौकातून सायकल कशी पार जाणार हे रेखाटलेले नाही, त्या आराखड्याला तांत्रिक मान्यता देऊ नये, असा स्पष्ट शासन निर्णय काढावा. हे एक झाले तरी निम्मे काम होईल असे मला वाटते. पदपथाची मोकळी रुंदी १.८ मीटरहून कमी होत असेल तिथे त्यावर सायकल मार्ग आखण्यास मनाई असावी. फाटकांपाशी पदपथ व सायकल मार्ग एकाच पातळीवर राहावेत आणि चढायचे ते मोटारीने चढावे. गटाराच्या जाळ्या आडव्या पट्ट्यांच्याच असाव्यात, हे निविदेच्या अटींत लिहिले जावे. मार्ग झाडणे, राडारोडा उचलणे आणि उखडलेले ब्लॉक बसवणे यासाठी प्रत्येक महापालिकेच्या अंदाजपत्रकात वेगळे लेखाशीर्ष असावे, कारण आज बांधण्यासाठी निधी मिळतो आणि सांभाळण्यासाठी मिळत नाही. आणि प्रत्येक महापालिकेने अस्तित्वातील सायकल मार्ग नेमके कुठे तुटतात याचा नकाशा वर्षभरात प्रसिद्ध करावा, म्हणजे नवे किलोमीटर जोडण्याआधी जुने तुकडे जोडले जातील.

तो नकाशा करणे अवघड नाही. गेल्या महिन्यात मी आणि माझ्या चार विद्यार्थ्यांनी माझ्या रोजच्या सात किलोमीटरांवर मोजपट्टी घेऊन फिरून तो केला, त्याला दोन रविवार लागले. त्यात मार्ग तुटण्याच्या एकोणीस जागा निघाल्या. त्यांतल्या अकरा जागी केवळ उतार सुधारणे, खांब हलवणे किंवा जाळी फिरवणे एवढेच काम आहे, पाच जागी पार्किंगच्या ओळी हटवाव्या लागतील आणि तीन चौक नव्याने आखावे लागतील. प्रत्येक जागेचे मोजमाप आणि छायाचित्र असलेली ती यादी मी या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवत आहे. रात्रपाळीच्या रक्षकांच्या वाटेचा नकाशा पुढच्या रविवारी सुरू करणार आहोत.

कळावे,
आपली विश्वासू,
रोज सायकलने कामावर जाणारी एक शिक्षिका, पुणे